धडधड थांबली, गोळी चालू

“मग आता बरं आहे ना? गोळ्या सुटल्या असतील!”

आमच्या नाशकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, भद्रकालीत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलं की लोक मला हेच विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण “बरं आहे, आणि गोळ्या सुटल्या नाहीत, सुटणारही नाहीत,” असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, की ही बाई डॉक्टरांच्या तावडीत सापडलेली दिसते. परवा ओझरहून जाऊबाईंचा फोन आला. त्यांनाही आता माझंच, हृदयाच्या बेताल ठोक्यांचं, निदान झालंय आणि त्यांचाही पहिला प्रश्न हाच. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू.

आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात. आमच्या घरात त्याला नाव नाही, हे नुसतं “आलंय का?” विचारतात आणि मी मान हलवते. माझं वय सहासष्ट, बीपी जुनं, नोकरी सगळी एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. माझं एएफ येऊन-जाऊन असतं. येतं, काही तास मुक्काम करतं, कधी रात्रभर, आणि आपणहून निघून जातं. सात दिवसांच्या आत जाणाऱ्याला पॅरॉक्सिझमल म्हणतात, त्याहून जास्त ठाण मांडलं तर पर्सिस्टंट. एकदा ते या दुसऱ्या प्रकारातही गेलं होतं, ते पुढे सांगते.

आत काय होतं ते मला डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं, पण मला पटलं ते माझ्या पद्धतीने. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक ठिकाण असतं, तिथून ठोक्याचा हुकूम सुटतो, मिनिटाला साठ ते शंभर. एएफमध्ये वरच्या दोन्ही कप्प्यांत जागोजागी विजेचे हुकूम सुटायला लागतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे. कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटबंदीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाखेच्या दारात जे झालं होतं, तेच. बाहेर चारशे माणसं एकदम दार ढकलतायत, आणि आमचा शिपाई दाराला पाठ लावून जमेल तसं एकेकाला आत सोडतोय. कधी दोघं लागोपाठ, कधी बराच वेळ कोणीच नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचा असाच एक शिपाई असतो. तो सगळ्यांना आत सोडत नाही म्हणून निभावतं. तरीही खालचे कप्पे मिनिटाला एकशेदहा, एकशेतीस, दीडशे असे पळत सुटतात, तेही बेताल. मेटोप्रोलोलची गोळी त्या शिपायाला बळ देते. दाराबाहेरची गर्दी काही ती हटवत नाही.

मनगटावर तीन बोटं ठेवली की मला लगेच कळतं. नेहमीची नाडी सारख्या अंतराने बोटाला लागते. एएफमध्ये दोन ठोके एकमेकांच्या अंगावर येतात, मग एक अगदी दुबळा, बोटाला लागला की नाही अशी शंका यावी इतका, मग काहीच नाही, आणि मग एक दणका. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचा हिशेब इथे चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. घरच्या बीपीच्या मशिनचाही गोंधळ उडतो. एकदा 150, लगेच 118, आणि कोपऱ्यात लुकलुकणारं हृदयाचं चिन्ह. अशा वेळी तीनदा मोजायचं आणि सरासरी धरायची. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर सगळ्यांच्या घरी खणात पडलाय, माझा मात्र उशाशी असतो. त्यावरचा नाडीचा आकडा 96, 141, 88, 127 अशा उड्या मारायला लागला की समजायचं.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. एएफ आलं की लघवीला सारखं जावं लागतं. मला वाटायचं, घाबरल्यामुळे होत असेल. तसं नाही. वरचे कप्पे ताणले गेले की तिथून एक हार्मोन सुटतं आणि ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं. त्यामुळे रात्री अडीचला धडधडत्या छातीने अंधारात बाथरूमच्या फेऱ्या. हे उठतात, दिवा लावतात आणि घोरत परत झोपतात. (घोरण्याचा विषय निघालाच आहे तर, घोरणारी दुसरी व्यक्ती मी होते. झोपेत श्वास अडकत असेल तर एएफ बळावतं, म्हणून डॉक्टरांनी माझी झोपेची तपासणी करायला लावली. आता रात्री नाकावर मास्क असतो. दिसायला भयंकर, पण सकाळी डोकं दुखायचं थांबलं.)

हा आजार पकडायला मात्र फार वेळ गेला. पहिल्यांदा रात्री एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचले, तोवर ठोका सरळ झालेला. ईसीजी स्वच्छ. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, “काकू, गॅस आहे. टेन्शन घेता का?” दुसऱ्या एका ठिकाणी “पाळी गेल्यावर होतं असं बायकांना,” ऐकून आले. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र, लावला, तर नेमका तो दिवस शहाण्यासारखा गेला. शेवटी एका दुपारी धडधड सुरू झाली तशी मी चप्पल घालून तडक रिक्षाने आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी प्रश्न विचारत बसण्याऐवजी आधी तारा चिकटवल्या.

पट्टी निघाली तशी त्यांनी ती टेबलावर पसरली. प्रिस्क्रिप्शनच्या पॅडचा एक कागद फाडला, त्याची कड दोन उंच टोकांखाली धरली आणि बॉलपेनने दोन खुणा केल्या. मग तो कागद पुढच्या दोन टोकांखाली सरकवला. खुणा जुळेनात. आणखी पुढे सरकवला. तरी जुळेनात. “आणि हे बघा, प्रत्येक टोकाच्या आधी एक बारका उंचवटा हवा, तो कुठेच नाही. रेघ नुसती थरथरतेय.” आयुष्यभर सह्या जुळवलेल्या बाईला याहून जास्त पुरावा नको होता. त्या पट्टीची मी बाहेर पडताच झेरॉक्स काढली. जाऊबाई, तुम्हीही काढा. ईसीजीचा कागद थर्मल असतो, दोन-चार वर्षांत पुसट होतो, आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर ती पट्टी मागतो.

थायरॉइडची तपासणी झाली, कारण थायरॉइड वाढलेलं असेल तरी हेच होतं. टू-डी इको झाला. झडपा ठीक, डावा वरचा कप्पा थोडा मोठा, जुन्या बीपीची ती देणगी.

आता मुख्य मुद्दा. धडधड त्रास देते, पण माणसाला आयुष्यातून उठवते ती धडधड नाही. वरचा कप्पा नीट आकसत नाही म्हणून रक्त रेंगाळतं. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवी लटकलेली असते, तिच्या तळाशी तर फारच. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होते, ती सुटते आणि सरळ मेंदूकडे जाते. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. त्या पिशवीत गुठळी होताना काही म्हणजे काही जाणवत नाही. शिवाय एएफचे कितीतरी झटके असे असतात की ते आले-गेले तरी माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे मला जाणवणाऱ्या धडधडीवरून मी धोका मोजू लागले, तर तो हिशेब कच्चाच निघणार.

मग मोजतात कसा? डॉक्टरांकडे गुणांचा तक्ता असतो, चॅड्स-व्हॅस्क म्हणतात त्याला. हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांचा एकेक गुण. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. वय पासष्ट झालं की एक, पंच्याहत्तरला दोन. बाई असल्याचाही एक गुण होता, तो युरोपच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी काढून टाकला. बाई असण्याचा दंड उशिरा का होईना, माफ झाला. माझा बीपीचा एक होताच, पासष्टाव्या वाढदिवसाला दुसरा मिळाला. त्या दिवशी मुलाने केक आणला होता आणि मी मनात गुणांची बेरीज करत होते. दोन किंवा जास्त गुण असतील तर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायचीच. एकावर डॉक्टर माणूस बघून ठरवतात, आणि माझा कप्पा मोठा म्हणून त्यांनी आधीपासूनच सुरू केली होती.

या तक्त्यात ‘गेल्या महिन्यात किती वेळा धडधडलं’ असा रकानाच नाही. वय उलटं जात नाही, बीपी औषधाने काबूत राहिलं तरी त्याचा गुण पुसला जात नाही. म्हणून धडधड सहा महिने आली नाही तरी गोळी तशीच राहते. “बरं आहे ना, मग गोळी कशाला?” याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते मी हल्ली मोबाइलवर त्या तक्त्याचा फोटो दाखवून देते.

माझी गोळी अ‍ॅपिक्साबॅन, 5 मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ. बारा तासांत तिचा अंमल निम्म्यावर येतो, म्हणून एक वेळ चुकली तरी उघड्यावर पडल्यासारखं असतं. आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची, पण पुढच्या वेळी दोन एकदम नाही. सुरुवातीला महागडी होती. 2022 मध्ये पेटंट संपलं, जेनेरिक कंपन्या उतरल्या आणि माझ्या पेन्शनला परवडू लागली. आमच्या सोसायटीतले एक काका “इतकी स्ट्राँग नको” म्हणून गोळी मधोमध तोडून घेत होते. अर्धा डोस असतो, पण तो आपण ठरवायचा नसतो. वय ऐंशी किंवा जास्त, वजन साठ किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) दीड किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असतील तर डॉक्टर अडीचची गोळी देतात. काका सत्तरीचे आणि चांगले ऐंशी किलोचे! त्यांच्याच मजल्यावर एक जण एएफवर नुसती इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, घेऊन निर्धास्त आहेत. 2011 मध्ये या दोन औषधांची समोरासमोर तुलना झाली. अ‍ॅपिक्साबॅनवर पक्षाघात अ‍ॅस्पिरिनच्या निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच. मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही बँकेतल्या.” बरं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची गोष्ट वेगळी. त्यांनाही एएफ, पण लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली. आपल्या देशात असे रुग्ण खूप. अशा अरुंद मायट्रल झडपेसाठी माझी गोळी चालत नाही, त्यांना जुनंच औषध लागतं, अ‍ॅसिट्रोम, आणि त्याच्यासोबत आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, रक्ततपासणी. आकडा 2 ते 3 मध्ये ठेवायचा. त्यांना कोणीतरी पालेभाजी बंद करायला सांगितली होती. ज्या जिल्ह्यातून मेथी-कोथिंबिरीच्या गाड्या भरून रोज मुंबईला जातात, तिथल्या बाईने भाजी खायची नाही! त्यांच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं की भाजी खा, फक्त रोज साधारण तेवढीच खा. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन जुड्या, असं नको. एकसारखं खाल्लं की औषधाचा डोस त्याप्रमाणे बसवता येतो.

गोळीमुळे काय सोसावं लागतं? दंडावर कुठेतरी आपटल्याचे निळे डाग, दात घासताना कधी रक्त. सगळ्यात मोठा त्याग गुडघ्याच्या पेनकिलरचा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, आणि ज्यात आयब्युप्रोफेन असतं ती कॉम्बिफ्लाम, सगळं बंद, कारण दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलवर भागवते. दाढ काढायची होती तेव्हा दातांच्या दवाखान्यातून सांगितलं, “पाच दिवस गोळी बंद करून या.” मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, फक्त त्या दिवशीची सकाळची गोळी घेऊ नका, दाढ काढून झाल्यावर रात्रीची घ्या. कापूस दाबून थोडा जास्त वेळ बसावं लागलं, बाकी काही नाही.

आता त्या न जाणाऱ्या झटक्याबद्दल. तापातून उठले आणि एएफ आलं ते आठवडा उलटला तरी हलेना. जिना चढताना धाप, अंगात त्राण नाही. शॉक देऊन ठोका सरळ करायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरांनी फिरून फिरून एकच विचारलं, “गेले तीन आठवडे एकही गोळी चुकलेली नाही ना?” चुकली असती तर अन्ननलिकेतून नळी घालून त्या पिशवीत गुठळी आहे का ते आधी बघावं लागलं असतं. थोडी भूल, छातीला दोन पॅड, आणि जाग आली तेव्हा छातीत शांतता. कातडीला दोन दिवस खाज, बस्स. शॉकनंतर ठोका लगेच सरळ होतो, पण कप्प्याचं आकसणं सुधारायला काही आठवडे लागतात, म्हणून नंतरचे चार आठवडे गोळी चुकवणं सगळ्यात धोक्याचं. सगळं ठीक वाटत असतानाच. पुढे काही महिने अमिओडारोन दिलं. ते ठोका छान धरून ठेवतं, पण थायरॉइड बिघडवतं. माझा टीएसएच वर गेला तसं ते बंद झालं, आणि एएफ अधूनमधून परत सुरू.

अब्लेशन दिवाळीनंतर करायचं ठरवलंय. फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की हे आगंतुक हुकूम बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात. मांडीतल्या शिरेतून तार नेऊन त्या तोंडांभोवती डाग देतात, म्हणजे हुकूम आत पोचत नाही. सगळ्यांचं एकदात भागत नाही, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड हिशेबात धरत नाहीत. मी गोळ्यांवर रेटू शकले असते, पण एएफ जितकं जुनं होतं तितकं मुरतं, आणि मला अजून चालायचंय. त्यानंतरही गोळीचा निर्णय त्या तक्त्यावरूनच होणार, हे डॉक्टरांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

झटके कमी व्हायला मी काय करते? वही ठेवते. चहाचा आणि एएफचा माझ्या वहीत काही संबंध सापडला नाही, चहा चालू आहे. कोरड्या उपासाचा सापडला. नवरात्रात सप्तशृंगीला फ्युनिक्युलर ट्रॉलीने गेले, चढणं नव्हतंच, पण दिवसभर पाणी कमी पडलं आणि त्या रात्री आलंच. जागरण आणि उशिरा भरपेट जेवण, हेही. वजन उतरवलं, ट्रॅकवर रोज चालते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी दाखवलंय की दहा टक्के वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांत एएफ स्पष्टपणे कमी होतं. आणि वाइन. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेला आमचा भाचा दर दिवाळीला एक बाटली आणतो: “मामी, रेड वाइन हार्टला चांगली असते.” एएफवाल्या हार्टला नसते. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातच नेहमी पिणाऱ्यांचे दोन गट केले होते. ज्यांनी दारू सोडली त्यांना एएफ कमी वेळा आलं. बाटली ह्यांनाही मिळत नाही, शोभेला ठेवलीय.

झटका आलाच तर फ्रिजवर डॉक्टरांच्या अक्षरातला कागद आहे. बसून राहायचं, पाणी प्यायचं, मेटोप्रोलोलची जादा गोळी किती ते लिहिलेलं आहे. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले किंवा बसल्या जागी धाप लागली तर थेट हॉस्पिटल. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर एएफचा विचार न करता लगेच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि माझ्यासारखीला ते देता येईल का, हे शेवटची गोळी कधी घेतली यावर ठरतं. म्हणून पर्समधल्या चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि वेळ लिहिलेली आहे. ह्यांनाही पाठ आहे.

यावरूनच आठवलं. 2027 च्या सिंहस्थासाठी आत्तापासून नातेवाइकांचे फोन सुरू झालेत. या सगळे. पण पर्वणीच्या पहाटे मी तुमच्याबरोबर रामकुंडावर येणार नाही. रात्रभर जागरण, तासन्‌तास उभं राहणं, पाण्याची मारामार, आणि काही झालंच तर पंचवटीतून गाडी बाहेर काढणार कोण? मी घरी राहीन, तुम्ही परत याल तेव्हा पिठलं-भाकरी तयार असेल. फक्त किती जण ते आधी कळवा, गाद्या मोजक्याच आहेत.